चूकवहीतला चौथा नियम

पत्र तीन ओळींचे होते. किल्लीवाल्याने ते दुकानाच्या फळीवर, कानशी आणि पक्कड बाजूला सारून, चार वेळा वाचले. तिसरीत शिकणाऱ्या त्याच्या मुलीने वर्गातील कपाटाचे कुलूप उघडून पितळी घंटी चोरल्याचे लेखी कबूल केले आहे, असे पहिली ओळ सांगत होती. पालकांनी बुधवारी सकाळी अकरा वाजता येऊन सोबतच्या फॉर्मवर सही करावी, असे दुसरी. सही केल्यास मुलीला सोमवारी परिपाठात सर्वांसमोर माफी मागून शाळेत राहता येईल, न केल्यास तिचे नाव पटावरून कमी केले जाईल, असे तिसरी. त्याखाली मुख्याध्यापिकेची सही होती, आणि सहीखाली दोन रेघा.

या माणसाच्या हातून वीस वर्षांत गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक घराची किल्ली गेली होती. लोक आपली दारे त्याच्यापुढे उघडी टाकून स्वयंपाकघरात निघून जात, यापलीकडे त्याच्या धंद्याला भांडवल नव्हते. किल्लीवाल्याच्या मुलीने कुलूप उघडले, हे वाक्य कोणाला रचावे लागणार नव्हते. ते आपोआप रचले जाणार होते, आणि त्याखाली बापाची सही असणार होती.

संध्याकाळी बायको औषधांच्या दुकानातून कामावरून आली. तिने पत्र उभ्याउभ्याच वाचले, पिशवी खाली ठेवली आणि व्यवहाराचे बोलली. म्हणाली, की मुलीचे वर्ष फुकट जाईल. दुसरी शाळा लांब आहे. एका घंटीवरून कोर्टकचेरी करण्याइतका वेळ आपल्यापैकी कोणापाशीच नाही. "अहो, सही करा आणि विषय संपवा," ती म्हणाली. "चार दिवस लोक बोलतील, मग विसरतील. तुम्हाला खरंखोटं करण्यातच धन्यता."

तो उठून आत गेला. आतल्या खोलीत मुंगी गणिताची वही पुढ्यात घेऊन बसली होती. घरात तिला मुंगी म्हणत, कारण ती सापडेल ती बारीकसारीक वस्तू उचलून नीट रांगेत लावून ठेवी. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. तिच्यापुढे त्याने एक साधे कुलूप आणि आईच्या केसांतली एक पिन ठेवली. उघड, म्हणाला. ती पाच मिनिटे झटली. पिन वाकडी झाली, बोट खरचटले, कुलूप जसे होते तसेच राहिले.

"मग कपाटाचं कसं उघडलंस?"

"मी नाही उघडलं," मुंगी म्हणाली. "मी फक्त लिहिलं."

मग तिने सगळे सांगितले, आणि सांगताना तिच्या बोलण्यात लपवाछपवीचा लवलेश नव्हता. उलट, एखादे गणित नीट सोडवून दाखवणाऱ्या मुलीचा किंचित अभिमान होता. ते गणित असे.

शाळेत प्रत्येक मुलाला एक चूकवही असे. ही कल्पना मुख्याध्यापिकेची. सहा वर्षांपूर्वी तिने ती सुरू केली होती, आणि इतर शाळांचे लोक ती पाहायला येत. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला मुलाने त्या आठवड्यातली आपली एक चूक वहीत लिहायची, असा शिरस्ता होता. मुखपृष्ठावर चार नियम छापलेले होते. आठवड्याला किमान एक चूक लिहावी. पान कोरे ठेवू नये, कोरे पान हा अहंकार समजून लाल खूण दिली जाईल. अक्षर सुवाच्य असावे. आणि चौथा, स्वतःहून कबूल केलेल्या चुकीला शिक्षा होणार नाही.

आठ वर्षांच्या मुलाचे आयुष्य कितीही बेशिस्त धरले, तरी ते दर शुक्रवारी एक सुवाच्य चूक पुरवू शकत नाही. सत्र सुरू होऊन तीन आठवडे झाले, आणि वर्गातल्या अडतीस मुलांच्या खऱ्या चुका संपल्या. तेव्हा मुंगीने आपल्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर एक यादी केली. मी नळ सुरू ठेवला. मी मैत्रिणीचे खोडरबर लपवले. मी प्रार्थनेत डोळे उघडे ठेवले. मी काच फोडली. अशा एकेचाळीस चुका, लहान, मध्यम आणि मोठ्या अशा तीन रकान्यांत. ज्याला लागेल त्याने शुक्रवारी मधल्या सुट्टीत यावे आणि एक न्यावी. एकच चूक दोघांनी एकाच शुक्रवारी नेऊ नये, एवढी तिची अट होती, आणि ती कोणी पाळत नसे, याचे तिला मनापासून वाईट वाटे.

गेल्या गुरुवारी वर्गाच्या बाईंची घंटी सापडेना. वर्गात गलका झाला, की बाई ती वाजवत. मुख्याध्यापिका स्वतः वर्गात आली आणि म्हणाली, की चोराने शुक्रवारी आपल्या वहीत लिहावे, तोपर्यंत मधल्या सुट्टीत कोणी बाहेर जाणार नाही. शुक्रवारी अडतीस मुले बाकावर हात ठेवून बसली. बाहेर पटांगणावर चौथीची मुले खेळत होती. कुजबुजत सल्लामसलत झाली. कोणीतरी लिहिले पाहिजे, हे सर्वांना पटले. लिहिणाऱ्याला शिक्षा नाही, हे नियमातच होते, म्हणजे नुकसान कोणाचेच नव्हते. प्रश्न फक्त कोणी लिहावे एवढाच. तेव्हा पुढच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याला वर्गात वकील म्हणत, मागे वळून म्हणाला होता, "मुंगी, तू लिही. तुझ्यावर एकही लाल खूण नाही. आणि तुझे बाबा किल्लीवाले. तुझं खरं वाटेल."

किल्लीवाल्याने जमिनीवरचे कुलूप उचलले आणि मुठीत घट्ट धरले. पोराने जे सरळ मनाने म्हटले होते, ते शाळेने वाकड्या मनाने मानले होते, हे त्याला तत्क्षणी कळले. पोरगा गणित करत होता. मोठ्यांनी हिशोबच केला नव्हता, नुसते उत्तर पाहिले होते.

"बाबा, चौथा नियम आहे ना," मुंगी म्हणाली. "मग शिक्षा कशी झाली?"

या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्यापाशी असायला हवे होते, त्यांच्याकडे तो बुधवारी अकराला पाच मिनिटे कमी असताना पोहोचला. त्याने हत्यारांची पेटी बरोबर घेतली होती. बायकोने दारात विचारले होते, की भांडायला चाललात, की कुलूप बसवायला. तो म्हणाला होता, की ते तिथे गेल्यावर ठरेल.

मुख्याध्यापिकेच्या खोलीत टेबलाच्या पलीकडे एक मोठी खुर्ची होती आणि अलीकडे दोन लहान, पालकांसाठी. भिंतीवर शाळेला मिळालेली प्रशस्तिपत्रे लावलेली होती, त्यांतली तीन चूकवहीबद्दल. वर्गशिक्षिका, विशीतली मुलगी, भिंतीशी उभी होती. तिला बसायला सांगितलेले नव्हते. मुंगी बाहेर बाकावर होती.

मुख्याध्यापिका सभ्यपणे बोलली. मुले चुकतात, म्हणाली. चूक मोठी नाही, ती लपवणे मोठे. मुलीने निदान अर्धे कबूल केले, हे कौतुकास्पद आहे. घंटी कुठे ठेवली हे मात्र ती अजून सांगत नाही, आणि हा हट्ट आता पालकांनी सोडवावा. असे म्हणून तिने फॉर्म पुढे सरकवला आणि त्यावर पेन ठेवले, पेनाचे टोक त्याच्याकडे करून.

किल्लीवाल्याने कपाट पाहायला मागितले.

त्याची गरज नाही, ती म्हणाली, कबुली आहे.

"कबुली आहे. कुलूप कुणी पाहिलंय का?"

"कुलपांचं तुम्हाला कळतं, हे आम्हाला माहीत आहे," मुख्याध्यापिका म्हणाली. "अडचण तीच आहे."

भिंतीशी उभ्या असलेल्या बाईंनी मान खाली घातली. किल्लीवाला उठला. त्याचा आवाज चढला नाही, उलट इतका खाली गेला, की ऐकायला पुढे वाकावे लागले. तो म्हणाला, की आता तर तो कपाट पाहिल्याशिवाय पेनाला हात लावणार नाही.

वर्ग रिकामा होता, मुले पटांगणावर कवायतीला गेली होती. कपाट लोखंडी, राखाडी रंगाचे, मुठीचे. मूठ फिरवली, की आतले दोन गज वरखाली सरकून चौकटीच्या भोकांत बसावेत आणि किल्ली फिरवली, की मूठ अडावी, अशी त्याची रचना. बाईंनी किल्ली फिरवून कपाट बंद केले. मूठ अडली. किल्लीवाल्याने किल्लीच्या भोकाभोवती बोट फिरवले. एकही ओरखडा नव्हता. मग तो उकिडवा बसला, दाराचा खालचा कोपरा दोन बोटांत धरला आणि ओढला. वाण्याच्या डब्याचे झाकण निघावे तसे दार उघडले.

"खालचा गज वाकलाय," तो म्हणाला. "भोकापर्यंत पोचतच नाही. किल्ली फिरते, मूठ अडते, आणि दार मोकळं ते मोकळंच. हे कपाट गेल्या गुरुवारी कुणी उघडलं, असं विचारू नका. हे बंद कधी होतं, ते विचारा." तो बाईंकडे वळला. "केव्हापासून?"

बाईंनी मुख्याध्यापिकेकडे पाहिले. "दोन वर्षं," त्या म्हणाल्या. "मी अर्ज दिला होता, दोनदा..."

"बाई," मुख्याध्यापिका म्हणाली. एवढा एकच शब्द.

टेबलावर चूकवह्यांचा गठ्ठा होता. किल्लीवाल्याने कोणालाही न विचारता वरची उचलली, मग दुसरी, मग एकेक करून सगळ्या. पाने उलटण्याचा त्याचा वेग हळूहळू वाढत गेला. मी काच फोडली. मी वर्गाची काच फोडली. माझ्याकडून काच फुटली. प्रत्येक चुकीखाली बाईंची हिरव्या शाईतली बरोबरची खूण, आणि बहुतेक ठिकाणी 'छान' असा शेरा. मग तो उभा राहिला आणि त्याने वर्गाच्या खिडक्या मोजल्या. त्या दोन होत्या. काचा जुन्या, धुरकट, एकाच पोताच्या, कडेला भरलेली लांबी वाळून दगड झालेली.

"अकरा मुलांनी काच फोडलीय," तो म्हणाला. "खिडक्या दोन. नवी काच एकही नाही. पाच महिने तुम्ही हे तपासताय, त्यावर छान लिहिताय, आणि तुमच्यापैकी एकीनंही मान वर करून खिडकीकडे बघितलं नाही. अडतीस पोरांना तुम्ही दर शुक्रवारी सुवाच्य अक्षरात खोटं बोलायला शिकवलंत. त्यांतली एक जास्त हुशार निघाली, तिला चोर केलंत."

मुख्याध्यापिकेचा चेहरा लाल झाला. ती म्हणाली, की अपवादाने पद्धत खोटी ठरत नाही. कपाट उघडे असो की बंद, घंटी तर गेलीच आहे, आणि ती वर्गातल्याच कोणीतरी घेतली आहे, हे उघड आहे.

किल्लीवाल्याने विचारले, की हे कशावरून उघड. मोठ्या माणसांना कोणी विचारले का. मुख्याध्यापिका म्हणाली, की शिक्षकांना चोर समजण्याची या शाळेत पद्धत नाही.

नेमक्या त्याच वेळी शिपाई दारात आला. पन्नाशी उलटलेला हा गृहस्थ पाण्याची घागर भरायला निघाला होता, आणि कपाट उघडे, माणसे तीन, असे पाहून थबकला. काय झाले, असे त्याने विचारले. बाईंनी हलक्या आवाजात सांगितले, की घंटी.

"पितळेची? ती तर हॉलमध्ये आहे, संगीताच्या पेटीखाली," शिपाई म्हणाला. "संगीताच्या सरांनी नेली होती तालमीला, गेल्या बुधवारी. कपाट उघडंच होतं म्हणाले." त्याने सर्वांचे चेहरे पाहिले. "मला कुणी विचारलंच नाही. मी म्हटलं, विचारायचं झालं तर विचारतील."

तो गेला आणि दोन मिनिटांत घंटी घेऊन आला. त्याने ती बाईंच्या टेबलावर ठेवली. ठेवताना ती एकदा वाजली आणि बाई दचकल्या.

येथे गोष्ट संपायला हवी होती. सामान्य माणसांच्या जगात एवढे घडल्यावर कोणीतरी खुर्ची पुढे करते, पाणी विचारते, चूक झाली म्हणते. किल्लीवाल्याचा रागही, खरे सांगायचे तर, या क्षणी ओसरायला आला होता. त्याला एक वाक्य पुरले असते, अगदी अर्धेही. मुख्याध्यापिका मात्र वळून आपल्या खोलीत परतली. मागोमाग हे दोघे गेले. तिने फॉर्म पुढे ओढला, 'चोरी' हा शब्द पट्टी ठेवून सरळ रेघेने खोडला, त्याच्यावर बारीक अक्षरात 'खोटी कबुली' असे लिहिले, आणि फॉर्म पुन्हा पुढे सरकवला.

"मुलीनं चोरी केली नाही, याचा आनंद आहे," ती म्हणाली. "पण म्हणजे तिनं शाळेला खोटं लिहून दिलं. तो वेगळा गुन्हा झाला. माफी सोमवारीच होईल. सही इथे."

किल्लीवाल्याने फॉर्मकडे पाहिले. मग पेनाकडे. पेनाचे टोक पुन्हा त्याच्याकडेच होते. ओसरत आलेला राग जिथे होता तिथून उलटा फिरला आणि आता तो आरडाओरडा करणारा राग राहिला नव्हता. कानशीने धातू घासताना येतो तसा तो एका लयीत येऊ लागला.

तो बसला. लहान खुर्चीवर, गुडघे पोटाशी येतील असा. त्याने वर्गातून आणलेली मुंगीची चूकवही टेबलावर ठेवली, मुखपृष्ठ वर करून.

"चौथा नियम वाचा," तो म्हणाला.

तिला तो पाठ होता. ती म्हणाली, की नियमाचा आशय लहानसहान चुकांपुरता आहे, हे कोणालाही समजेल.

"लहानसहान असं छापलेलं नाही."

"प्रत्येक गोष्ट छापावी लागत नाही."

"आठ वर्षांच्या पोरांसाठी छापावी लागते. ती छापलेलं खरं धरतात. माझ्या मुलीनं धरलं. कोरं पान ठेवलं तर लाल खूण, हे छापलंय, म्हणून तिनं कधी कोरं ठेवलं नाही. कबूल केलं तर शिक्षा नाही, हे छापलंय, म्हणून सगळ्या वर्गासाठी कबूल केलं. तिनं तुमचे चारही नियम पाळले. अक्षरसुद्धा चांगलं काढलं. नियम मोडला तो तुम्ही." त्याने पेन उचलले आणि टोक तिच्याकडे करून वहीवर ठेवले. "चौथा नियम तुमच्या हातानं खोडा. मुखपृष्ठावर, रेघ मारून, आत्ता चोरी खोडलीत तसा. शेजारी सही करा. मग तुमच्या फॉर्मवर मी लगेच करतो. सोमवारी मुलीला मीच मंचावर उभी करीन. पण ही वही हातात धरून."

मुख्याध्यापिकेने पेन उचलले नाही. सहा वर्षे तिने हा नियम पाहुण्यांना मोठ्याने वाचून दाखवला होता. भिंतीवरच्या तिन्ही प्रशस्तिपत्रांत त्याचा उल्लेख होता. ती एकदा वहीकडे आणि एकदा भिंतीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, की तुम्ही शब्दांचा कीस काढता आहात.

"माझा धंदाच तो आहे," किल्लीवाला म्हणाला. "केसाएवढं कमी घासलं, तर किल्ली लागत नाही."

पटांगणावरून कवायतीची एक-दोन-तीन ऐकू येत होती. अखेर तिने फॉर्म टेबलाच्या खणात टाकला आणि खण बंद केला. विचार करून कळवू, म्हणाली. किल्लीवाल्याने सांगितले, की मुलगी उद्या वेळेवर वर्गात येईल, आणि जे कळवायचे ते लेखी कळवावे. तो उठला, पेटी उचलली. कपाटाचा गज सरळ करायला दहा मिनिटे लागली असती. बिघडलेले कुलूप पाहून ते तसेच टाकून निघून येण्याची ही त्याच्या आयुष्यातली पहिलीच वेळ.

फाटकापाशी बाई मागून घाईने आल्या. मुंगीने बापाचा हात धरला होता. बाई म्हणाल्या, की त्यांना फार वाईट वाटते आहे. कपाटाबद्दल त्यांनी आधीच बोलायला हवे होते. त्यांची नोकरी अजून कायम झालेली नाही. त्यांचे डोळे भरले होते, आणि एरवी किल्लीवाला अशा वेळी विरघळला असता.

"मला कशाला सांगता?" तो म्हणाला. "पोरांना वर्गात सांगा. घंटी कुणी घेतली, हे विचारलं तिथंच होतं ना."

गुरुवारी मुंगी वर्गात बसली. तिला कोणी उठवले नाही, आणि काही कळवलेही नाही. शुक्रवारी संध्याकाळी ती दुकानात आली, दप्तर फळीवर टाकले आणि चूकवही उघडून त्याच्यापुढे ठेवली. पान कोरे होते. वरच्या कोपऱ्यात लाल खूण होती, तिच्या आयुष्यातली पहिली, आणि तळाशी पालकांच्या सहीची रिकामी रेघ.

"बाकीच्यांनी?" त्याने विचारले.

"त्यांनी लिहिल्या. मी यादी दिली नाही, तर सगळ्यांनी जुन्याच लिहिल्या. चौघांनी काच फोडली." तिला हे आवडलेले नव्हते. "वकील म्हणाला, की मी मूर्ख आहे."

"आणि बाई? काही बोलल्या?"

मुंगीने थोडा विचार केला. "नाही. पण घंटी वाजवली नाही. दोन दिवस ती नुसती टेबलावर आहे. खूप गलका झाला ना, तरी त्या तिच्याकडे बघतात आणि हातानंच टेबल वाजवतात."

किल्लीवाल्याने कानस खाली ठेवली आणि हात फडक्याला पुसले. चोरीच्या फॉर्मवर जी सही त्याने केली नव्हती, ती त्याने लाल खुणेच्या पानावर, पूर्ण नावानिशी, इतकी दाबून केली, की ती पुढच्या तीन कोऱ्या पानांवर उमटली.